सीडी, फाइल आणि शालूवहिनीचा कान

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी वडखळच्या नाक्यावर अडकलो होतो. अलिबागकडे वळणाऱ्या आणि गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या एकमेकींच्या अंगावर येऊन थांबल्या होत्या आणि आमच्या एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत तंबाखू मळत बसला होता. मी रोह्यालाच निघालो होतो. आदल्या दिवशी वहिनीने फोनवर बजावलं होतं, "उद्या या भाऊजी. डाव्या स्पीकरमधनं काहीतरी खरखरतंय. स्पीकर बिघडलाय का माझा कान, ते येऊन सांगा." म्हणून पिशवीत नवी वायर घेतली होती. "काका, कुठपर्यंत आलात?" मुक्ताने विचारलं. मुक्ता म्हणजे वहिनीची मुलगी. वडखळ, मी म्हटलं. ती म्हणाली, "सावकाश या. आई गेली." सकाळचा चहा झाला होता, शेजारणीशी गवारीच्या शेंगांवरून बोलणं झालं होतं आणि मग खुर्चीत बसल्या बसल्याच ती गेली होती. आजार नाही, दवाखाना नाही. मी फोन खिशात ठेवला. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "काय झालं?" तर मी म्हणालो, "काही नाही, वहिनीकडे चाललोय." पुढे नागोठणं कधी आलं आणि गेलं ते मला कळलं नाही.

वहिनीचे दिवस झाल्यावर मी त्या डाव्या स्पीकरची वायर बदलून पाहिली. खरखर थांबली. म्हणजे खरखर वायरीत होती, कानात नव्हती. हे ऐकून तिला जो आनंद झाला असता तो आता मलाच एकट्याला करून घ्यावा लागला.

या गोष्टीला महिना होऊन गेला. शालिनी, म्हणजे आमची शालूवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. वडखळजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. तिच्या घरचे सगळे मिठागरात राबलेले, ही मात्र शिकली, डीएड झाली आणि रोह्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली ती निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. वर्गात तिचं मराठी पुस्तकातलं असे, पण घरी पाऊल टाकलं की चपलांबरोबर तेही बाहेर राही. मग सगळं हाय आणि नाय. दादा धाटावच्या एका केमिकल कंपनीत होता आणि रोह्याच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायचा. मी पेणला राहतो आणि माझी सगळी नोकरी डोलवीच्या कंपनीत शिफ्टमध्ये गेली. वहिनी घरात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. तिने पहिल्या दिवसापासून मला "भाऊजी, तुम्ही" केलं आणि मी तिला "वहिनी, तू" केलं, ते शेवटपर्यंत बदललं नाही. बाकी आमच्यात मान राखण्यासारखं फारसं काही नव्हतं. आम्ही भांडायचो. आणि वीस-बावीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडायचो : गाणं सीडीवर ऐकावं की डाउनलोड करून.

सुरुवात दादाने केली. कॅसेटींचे दिवस संपत आले होते, तेव्हा त्याने मुंबईहून एक सीडी प्लेयर आणि लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर आणले. वहिनीला तोवर गाण्याचं खास वेड नव्हतं. स्वयंपाक करताना रेडिओ चालू असायचा इतकंच. पहिली सीडी लावली ती एका बाईंच्या गाण्याची होती. वहिनी हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, "अहो, ही बाई श्वास घेते." दादा म्हणाला, "घेणारच. जिवंत बाई आहे." "तसं नाय. कॅसेटीत हीच बाई किती वर्षं ऐकली, पण श्वास कधी ऐकू आला नव्हता. आता समेवर यायच्या आधी घेते तो ऐकू येतो." त्या दिवशी पोळ्या करपल्या आणि तो सीडी प्लेयर दादाचा राहिला नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती अर्धा तास ऐकायला बसायची. त्या वेळात कोणी काही मागायचं नाही, चहासुद्धा. दादा मोठ्या कौतुकाने सांगायचा की माझ्या घरात आता दोन पेट्या आहेत, एक मी वाजवतो ती आणि दुसरी हिची, तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

नेमका त्याच सुमारास मला डाउनलोडचा नाद लागला. कंपनीतल्या पोरांनी दाखवलं. पेणच्या सायबर कॅफेत बसायचं, गाणी उतरवायची आणि एकाच सीडीवर शे-सव्वाशे भरून आणायची. मला तर खजिनाच सापडल्यासारखं झालं. वहिनीच्या कपाटात इतक्या सीड्या, आणि माझ्या खिशात एकच, तरी गाणी माझ्याकडे जास्त. मी ती सीडी मिरवत रोह्याला घेऊन गेलो. वहिनीने एक गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसऱ्याला भजन लागलं. तिने मान तिरकी केली. "भाऊजी, ह्यातले टाळ कोणी भिजवले?" मला काही कळेना. "पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे वाटतात. छन्न नाय होत, च्छुळुक होतं." मी हसलो. तिला म्हटलं, वहिनी, तुला हे नवीन आहे म्हणून नको वाटतंय. तिने स्वतःच्या कपाटातली त्याच भजनाची सीडी काढली आणि लावली. टाळ खरोखरच छन्न झाले... पण मी ते कबूल केलं नाही.

त्या दिवाळीत आम्ही दोघांनी रीतसर परीक्षा घेतली. कल्पना माझीच. मी पडद्यामागे बसणार, तेच गाणं एकदा सीडीवरून आणि एकदा डाउनलोडवरून लावणार, कधी उलटसुलट करणार, कधी मुद्दाम दोन्ही वेळा एकच लावणार, आणि बाहेर बसलेल्यांनी ओळखायचं. बाहेर वहिनी, दादा आणि माझी बायको माधवी होती. दादाने पहिल्या दोन गाण्यांनंतरच हात टेकले आणि तो करंज्या खायला लागला. माधवी आवाज जरा मोठा वाटला की सीडी म्हणायची. वहिनी मात्र दर वेळी बरोबर सांगत होती. दोन्ही वेळा एकच लावलं तेव्हा ती म्हणाली, "आता काय मला फसवता काय, दोन्ही तुमचीच भिजकी." मी पडद्यामागून बाहेर आलो आणि विचारलं, कसं ओळखतेस? ती म्हणाली, "तुम्ही सगळे गाणाऱ्याकडे लक्ष देता. त्याचा आवाज दोन्हीकडे बरा असतो. मी त्याच्याकडे बघतच नाय. मी टाळ ऐकते, आणि गाणं संपल्यावर आवाज विरत जातो ना, तो ऐकते. तुमच्या फाइलीत तो विरत नाय, तुटतो."

मग मी तिला समजावून सांगितलं. मला ते तेव्हा नुकतंच कळलं होतं, त्यामुळे सांगण्याची हौसही दांडगी होती. सीडीवर गाणं पूर्ण असतं, म्हणून ती इतकी मोठी. डाउनलोडची फाइल लहान करायची तर त्यातलं काहीतरी काढून टाकावं लागतं. म्हणून माणसाच्या कानाला एरवी जाणवणार नाही असं जे काही असेल, मोठ्या आवाजामागे दडलेला बारीक आवाज किंवा अगदी वरच्या पट्टीतली सळसळ, ते कापून टाकतात. जितकी फाइल लहान, तितकी कापाकापी जास्त. वहिनीने सगळं नीट ऐकून घेतलं, शाळेत पोरांचं ऐकायची तसं. मग म्हणाली, "मला काय ऐकू येणार नाय ते कोणी ठरवलं?" दादाला ठसका लागला.

पण मी हार मानणाऱ्यातला नव्हतो. पुढची काही वर्षं मी रोह्याला जाताना दर वेळी आधीपेक्षा मोठी फाइल घेऊन जायचो. कमी कापलेली, आणखी कमी कापलेली. वहिनीची उत्तरं हळूहळू अडखळायला लागली. तिला आता वेळ लागायचा, एखादं गाणं पुन्हा लावायला सांगायची, तरी बहुतेक वेळा बरोबरच निघायची. शेवटी एकदा मी काहीही न कापलेली फाइल आणली. असे डाउनलोड आता मिळू लागले होते. त्यात सीडीवरचं सगळंच्या सगळं असतं, फक्त घडी घालून ठेवलेलं. साडी घडी केली म्हणून तिचं सूत कमी होत नाही, तसं. पुन्हा पडदा लावला, पुन्हा माधवी आणि दादा बसले. वहिनीने डोळे मिटून ऐकलं. पहिलं चुकलं, दुसरं बरोबर आलं, तिसरं, चौथं चुकलं. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "भाऊजी, मी आता अंदाजाने सांगतेय. मला फरक नाय कळत." इतक्या वर्षांच्या भांडणानंतर मी जिंकलो होतो. मला वाटलं होतं ती रुसेल, निदान काहीतरी खुसपट काढेल. ती उठली आणि आत जाऊन तिने वालाचं बिरडं टाकलं. "माझं भांडण फाइलीशी नव्हतंच कधी," आतूनच म्हणाली, "कापाकापीशी होतं. न कापता देता ना, मग द्या की."

त्यानंतर मी जरा चढलो. सीडीपेक्षाही मोठी, स्टुडिओत असते तशी म्हणतात ती फाइल घेऊन गेलो आणि सांगितलं, ही सीडीच्याही वरची आहे. वहिनीने ऐकलं. "वरची असेल. मला सारखीच वाटते. तुम्हाला कळतो फरक?" मी माधवीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाही." त्यावर आम्ही चौघेही इतके हसलो की शेजारचे डोकावून गेले. एवढं होऊनही तिने सीड्या घेणं थांबवलं नाही. मी विचारलं, आता कशाला, तर म्हणाली, "सीडीच्या आतल्या कागदावर तबल्याला कोण, तानपुऱ्याला कोण, सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या डाउनलोडात फक्त गाणाऱ्याचं नाव. बाकीचे काय फुकट बसले होते काय मागे?" पेटीवाल्याची बायको होती ती. हे तिला लागणारच.

दादा गेल्यावर मात्र त्या घरातलं गाणं थांबलं. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. मी जायचो, चहा व्हायचा, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, आणि प्लेयरवर कापड घातलेलं असायचं. मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "भाऊजी, ह्यांची सीडी अडकते." कुठली ते मला लगेच कळलं. रोह्याचं नवं घर बांधलं तेव्हा सत्यनारायण घातला होता आणि दुपारी दादाच्या मंडळाचं भजन झालं होतं. साउंडवाल्याने हौसेने सगळं ध्वनिमुद्रित केलं आणि एक सीडी करून दिली होती. दादाची पेटी एवढ्या एकाच सीडीवर होती. त्या साउंडवाल्याचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. बाजारातली छापील सीडी आणि अशी घरी भरलेली सीडी यांत फरक असतो. घरी भरलेलीचा थर काही वर्षांनी बाहेरच्या कडेकडून बिघडत येतो. आणि सीडी वाजते आतून बाहेर, म्हणजे शेवट आधी जातो.

त्या शेवटातच सगळं होतं. गजर संपतो, टाळ थांबतात, पण दादाच्या पेटीची एक पट्टी अडकून बसते आणि एकच सूर वाजत राहतो. आतून वहिनीचा आवाज येतो, "अहो, संपलं भजन." आणि दादा हसतो. दादाच्या पुढच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे त्याचं हसणं सुरू व्हायचं ते कुकरच्या वाफेसारखं, स्स्स करून, आणि मग खालून गडगडत हो हो यायचं. वहिनीला एवढंच ऐकायचं होतं आणि प्लेयर नेमका त्याच्या आधी कचकच करून थांबत होता.

माझ्याकडे त्याची फाइल होती. मुक्ता शिकायला बाहेर गेली तेव्हा तिच्या एवढ्याशा प्लेयरमध्ये मावावं म्हणून मी त्या सीडीची एमपीथ्री करून दिली होती, अगदी बारीक करून. जुन्या हार्ड डिस्कवर ती सापडली. मी धावतच रोह्याला गेलो आणि लावली. वहिनी ऐकत होती. टाळ भिजलेले होते, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. शेवट आला, पट्टी अडकली, तिचा स्वतःचा आवाज आला आणि दादा हसला. "हो हो त्यांचं हाय," ती म्हणाली. "पण आधीचं स्स्स नाय. ते कापलं गेलं." खरंच नव्हतं. ती बारीक सळसळ फाइल लहान करताना गेली होती. दादा हसत होता, पण दात धड असलेल्या कुठल्यातरी माणसासारखा. "असू दे," वहिनी म्हणाली. "हे तरी हाय. परत लावा." तिने ते परत ऐकलं आणि आणखी एकदा ऐकलं. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, वहिनी, सीडी दे माझ्याकडे.

पेणला येऊन मी ओळखीच्या सगळ्यांकडचे कॉम्प्युटर पालथे घातले. नव्या लॅपटॉपांना सीडीचं तोंडच नसतं, आणि ज्यांना होतं ते त्या सीडीला तोंड लावायला तयार नव्हते. कोणीतरी म्हणालं, जुना ड्राइव्ह बघा, सावकाश वाचणारा. मग मला रमाकांत आठवला. कंपनीत माझ्याबरोबर शिफ्ट करायचा, पुढे नोकरी सोडून पेणजवळ जोह्याला घरच्या गणपतीच्या कारखान्यात बसला. त्याच्याकडे ऑफिसच्या खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक जुनाट कॉम्प्युटर होता, मूर्ती रंगवताना गाणी लावायला. मी वहिनीला सांगितलं की घेऊन जातो, काय होतं ते कळवतो. ती म्हणाली, "मी पण येते." रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला उतरली आणि आम्ही बसने जोह्याला गेलो. सीडी तिने पदराखाली धरली होती, तान्हं मूल धरतात तशी.

हंगामाचे दिवस होते. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे गणपती, पिवळे झालेले गणपती, सोंड रंगवायची राहिलेले गणपती, आणि त्यांच्या मधून वाट काढत आम्ही ऑफिसात पोचलो. रमाकांतने ड्राइव्ह फडक्याने पुसला, सीडी आत सारली. यंत्र घरघरलं. "वहिनी, ह्याला घाई नाय," तो म्हणाला. "आमच्यासारखाच हाय." पडद्यावर रेघ पुढे सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. चहा आला, गार झाला. वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे वाकून बसली होती, दहावीच्या निकालाला बसतात तशी. जवळजवळ सगळं वाचून झालं आणि अगदी शेवटाशी रेघ अडली ती हलेचना. रमाकांतने सीडी काढली, पुसली, पुन्हा घातली. तिथेच अडली. "जेवढं आलं तेवढं लावून बघू," मी म्हटलं. ऑफिसातले स्पीकर कारखान्यातल्या मोठ्या स्पीकरना जोडलेले होते, त्यामुळे आवाज सगळीकडे गेला. मी शेवटचाच भाग लावला. गजर, टाळ, अगदी कोरडे ठणठणीत, मग अडकलेली पट्टी, मग "अहो, संपलं भजन"... आणि स्स्स. तेवढंच. पुढे शांतता.

"आलं," वहिनी म्हणाली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती दोन्ही हात मांडीवर आपटून हसायला लागली. बाहेर डोळ्यांची आखणी करत बसलेल्या एका बाईने ब्रश तसाच धरून विचारलं, "कोन हसला गो?" वहिनी म्हणाली, "माझा नवरा." ती बाई म्हणाली, "बरा हसतो," आणि पुन्हा गणपतीच्या डोळ्याकडे वळली.

पुढचं हसणं माझ्याकडे होतंच. मी घरी बसून दोन्हींचा सांधा जुळवला. स्स्सपर्यंत सीडीचं आणि तिथून पुढे हो हो, टाळ्या, कोणीतरी शिऱ्याचं विचारतंय ते सगळं माझ्या भिजक्या फाइलीचं. वहिनीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "हसायला सुरुवात माझ्या सीडीत केली आणि संपवलं तुमच्या डाउनलोडात. बघा, मेल्यावर तरी दोघांकडून बोलले." त्या दिवशी प्लेयरवरचं कापड निघालं ते पुन्हा पडलं नाही.

मग आल्यागेल्याला ते ऐकवणं आणि सांधा कुठे आहे ते ओळखायला लावणं हा तिचा खेळ झाला. कोणालाच सापडत नसे. स्वतः जुळवून मलाही सापडत नसे. तिला मात्र दर वेळी सापडे, नेमक्या क्षणी बोट वर करायची. मध्यंतरी तिला फोनवरचं कमी ऐकू यायला लागलं म्हणून मी पेणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की वयाने वरच्या पट्टीतले आवाज आता पोचत नाहीत, खालचं सगळं छान आहे. मला वाईट वाटलं, कसं समजवावं असा विचार करत मी तिच्याबरोबर बाहेर आलो. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "म्हणजे भाऊजी, वरचं सगळं कापलं माझं. आता मीच एमपीथ्री." आणि रिक्षात बसेपर्यंत हसत राहिली. मी विचारलं, मग तो सांधा कसा ओळखतेस अजून? ते स्स्स तरी ऐकू येतं का? ती म्हणाली, "कानाला नाय येत. पण ते कुठं हाय ते मला ठाऊक हाय ना."

तिच्या सीड्या मुक्ताने घेतल्या. स्पीकर माझ्या पेणच्या घरी आले आहेत. आणि त्यांच्याबरोबर वहिनीची एक सवयही आली. ऐकायला बसण्याआधी ती पंखा बंद करायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचंही बटण बंद करून यायची. फ्रिजची घरघर गाण्याच्या खाली ऐकू येते, असं तिचं म्हणणं. गाणं ऐकून उठताना पंखा लक्षात राही आणि फ्रिज हमखास विसरे, त्यामुळे त्या घरात आठवड्यातून एकदा तरी दूध नासायचं. दादाने आयुष्यभर तक्रार न करता नासक्या दुधाच्या वड्या खाल्ल्या. माधवी वहिनीला ताई म्हणायची, पण हे सगळं तिला खुळेपणाचं वाटे, तसं ती तोंडावर सांगतही असे. परवा दुपारी मी त्या स्पीकरवर काहीतरी लावायला बसलो. माधवी आली, पंखा बंद केला, आत गेली, परत येऊन शेजारी बसली. घर एकदम गप्प झालं. मग मी गाणं लावलं आणि आम्ही दोघांनी ते पूर्ण ऐकलं, मधे कोणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला दूध तापत ठेवलं तर ते फाटलं. माधवीने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"ताई येऊन गेल्या," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा खाली काढला.